धायरीतलं एक घर, तीन घटना: घरगुती हिंसा वेळेत रोखण्याच्या साखळीचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या धायरीतला वन-बीएचके फ्लॅट, पाच माणसं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. ते कारखान्यातून निवृत्त झालेले. सासूबाई घरीच. नवरा ३४ वर्षांचा, स्वतःचा छोटा टेम्पो चालवतो, गाडीचे हप्ते थकलेले. बायको २९ वर्षांची, बी.कॉम., नऱ्ह्यातल्या पॅकिंग युनिटमध्ये महिना १३,५०० रुपयांवर कामाला. पगार तिच्या खात्यात येतो, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. लग्नाला ९ वर्षं झालेली.

हे प्रकरण कार्यकर्त्या, समुपदेशक आणि पोलिसांबरोबर चर्चा करण्यासाठी उभं केलेलं आहे. ती कुणा एका कुटुंबाची हकिगत नाही, आणि पुण्यातल्या एखाद्या ठाण्यावर किंवा कार्यालयावर बोट ठेवण्याचाही हेतू नाही. कलमं, मुदती, नमुने आणि यंत्रणा मात्र खऱ्या आहेत. घटनांचा क्रम या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही लगेच ओळखू येईल असा आहे.

स्त्रिया आणि मुलींवरची हिंसा रोखायची रणनीती आज बहुतेक देशांकडे कागदावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन स्त्रियांपैकी जवळजवळ एकीला आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतर कुणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुलींचा जीव जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणी घेतला, म्हणजे दिवसाला १४०. या मृत्यूंच्या आधी कुणाला तरी, काहीतरी, कधीतरी सांगितलेलं असतं. ते कुणाला सांगितलं, त्याने काय लिहून घेतलं आणि तो कागद पुढच्या टेबलावर किती दिवसांनी पोचला, यावर रणनीतीचं यश ठरतं. धायरीतल्या घरात हेच पाहायचं आहे.

पहिली घटना: ऑगस्ट २०२४

पगार झाल्याच्या रात्री तिने एटीएम कार्ड मागितलं. नवऱ्याने पट्ट्याने मारलं. शेजारच्या काकूंनी ११२ ला फोन केला, बीट मार्शल आले आणि दोघांना ठाण्यात घेऊन गेले. ठाणे अंमलदाराने भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), म्हणजे साधी दुखापत, आणि ३५२, म्हणजे शिवीगाळ, लावून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली. दोन्ही गुन्हे अदखलपात्र. अशी नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली होते आणि न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. तिच्या हातात एक कागद दिला, नवऱ्याला समज दिली आणि दोघांना सोडलं. जाताना हवालदार म्हणाले, "ताई, पोरगी पदरात आहे. उद्या याला आत टाकलं तर गाडीचे हप्ते कोण भरणार?"

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याने फक्त त्या रात्रीबद्दल विचारलं, म्हणून त्याला फक्त त्या रात्रीचा गुन्हा दिसला. "हे पहिल्यांदाच झालं का?" एवढा एक प्रश्न राहून गेला. तो विचारला असता तर पगार काढून घेणं, मोबाइल तपासणं, गरोदरपणात मारलेल्या थपडा, टाळेबंदीत काम सुटल्यावर वाढलेली मारहाण असं सगळं बाहेर आलं असतं. तसं झालं असतं तर विषय न्याय संहितेच्या कलम ८५ चा होता. पूर्वी ज्याला ४९८-अ म्हणायचे ते हेच: नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि खुद्द स्त्रीने किंवा तिच्या नातलगांनी माहिती दिली तर दखलपात्र. थेट गुन्हा दाखल करायचा नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. चौकशीही नको असेल तरी दोन दारं उघडी राहतात. त्याच संहितेच्या कलम १६८ ची, गुन्हा करू नये म्हणून बजावणारी नोटीस देता येते. जुने लोक अजून तिला '१४९ ची नोटीस' म्हणतात. किंवा कलम १२६ खाली चॅप्टर केस करून शांतता राखण्याचं, जास्तीत जास्त एक वर्षाचं बंधपत्र घेता येतं.

त्याच रात्री पोलिसांवर आणखी एक कर्तव्य होतं आणि त्याचा गुन्हा दखलपात्र आहे की नाही याच्याशी संबंध नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ५ नुसार तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला संरक्षण आदेश, निवास, पोटगी, मोफत कायदेशीर मदत आणि संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी, यांची माहिती द्यावीच लागते. त्यासाठी नमुना ४ तयार छापलेला आहे. ती फोटोकॉपी ठाण्याच्या टेबलाच्या खणात असली तरी पुरे होतं. तिला एनसीचा कागद मिळाला, नमुना ४ मिळाला नाही. पुढचे पाच महिने ती "पोलिसांत जाऊन आले, काही होत नाही" असं समजून राहिली. साखळीचा पहिला सांधा इथे निखळला, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हाच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी चारातल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे ठाण्याची पायरी चढलेली बाई अपवाद असते. ती परत गेली तर बहुधा पुन्हा येत नाही.

दुसरी घटना: गळा

दिवाळीच्या आठवड्यात नवऱ्याने दोन्ही हातांनी तिचा गळा दाबला. काही क्षण तिला काही दिसेना, लघवी झाली, सोडल्यावर खोकला आला. दोन दिवस आवाज बसलेला आणि गिळताना दुखत होतं. सासूबाई बरोबर आल्या म्हणून तिने गल्लीतल्या डॉक्टरांना "बाथरूममध्ये घसरले" असं सांगितलं. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

या घटनेवर थांबायला हवं, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. गळा दाबण्याला लोक मारहाणीतलाच एक प्रकार समजतात. अमेरिकेतल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी दाबलेला असतो, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता इतर मारहाण झालेल्या स्त्रियांपेक्षा सात पटींहून जास्त असते. दुसरी अडचण अशी की खूण दिसत नाही. सॅन दिएगोतल्या ३०० प्रकरणांच्या तपासणीत निम्म्या स्त्रियांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल असा व्रणच नव्हता. म्हणून डॉक्टरांनी, आशाताईंनी, समुपदेशकाने व्रण शोधत बसू नये, लक्षणं विचारावीत. आवाज बदलला का, गिळताना दुखतं का, शुद्ध हरपली किंवा डोळ्यांपुढे अंधार आला का, लघवी-शौच झाली का, डोळ्यांत किंवा पापण्यांच्या आत लाल ठिपके आहेत का, नंतर डोकं दुखणं किंवा एका बाजूला अशक्तपणा आला का. यातलं एक जरी 'हो' असेल तरी ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात तपासणी हवी. मानेतल्या रक्तवाहिनीला झालेली इजा काही दिवसांनंतर पक्षाघात करू शकते. मेडिको-लीगल, म्हणजे पोलिस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद करावी आणि इतिहास तिच्याच शब्दांत, अवतरणात लिहावा: "नवऱ्याने दोन्ही हातांनी गळा दाबला." 'आपसातील भांडण' असा सारांश लिहू नये. तिच्याशी सासरच्या माणसाला बाहेर बसवून बोलावं. "प्रत्येक पेशंटला दोन मिनिटं एकटं तपासतो" असा दवाखान्याचा नियमच करून टाकला की कुणाला संशय येत नाही.

फोटो पहिल्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी काढावेत, कारण काळानिळेपणा उशिरा उठून दिसतो. एक फोटो चेहऱ्यासकट, एक जवळून आणि शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोटो आणि धमकीचे संदेश मूळ फोनमध्येच राहू द्यावेत, फॉरवर्ड करून मूळ पुसू नयेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणं सोपं जातं.

यातलं काहीच झालं नाही. ती मुलीला घेऊन भोर तालुक्यात माहेरी गेली. तीन आठवड्यांनी मामा, मोठा भाऊ, सासरे अशी बैठक झाली आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं: नवरा यापुढे हात उचलणार नाही, सून 'रागाच्या भरात निघून गेली होती', आता दोघं नीट नांदतील. ती परत आली.

अशा कागदावर गावोगाव विश्वास ठेवला जातो, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. तो मोडल्याबद्दल नवऱ्याला एक दिवसाचीही शिक्षा होत नाही. उलट त्यातलं 'रागाच्या भरात' हे वाक्य पुढे नवऱ्याच्या वकिलाने न्यायालयात तिच्याविरुद्ध वाचून दाखवलं. बैठक घ्यायचीच असेल तर तिची मारहाणीची हकिगत आधी लिहून काढावी, निदान तारखेसह स्वतःच्या भावाला संदेश करून ठेवावी, आणि 'निघून गेली' ऐवजी 'मारहाणीमुळे माहेरी गेली' असं लिहिल्याशिवाय सही करू नये.

पुण्याला लिखित शब्दाचं वजन नवं नाही. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुणीचा सासरी मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांची सर्वोच्च न्यायालयात बारकाईने चिकित्सा झाली आणि १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुरावा अपुरा ठरून पती निर्दोष सुटला. त्याच वर्षांत पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, नारी समता मंच उभा राहिला, आणि १९८३ च्या अखेरीस ४९८-अ कायद्यात आलं. त्या काळी सासरच्या छळाची सरकारी नोंद व्हावी अशी जागाच नव्हती, म्हणून ती पत्रांत राहिली. आज जागा आहेत, पण नोंद अजून केसपेपरवर 'घसरले' अशीच होते.

जगात या टप्प्यासाठी वेगळी शिस्त आहे. ब्रिटनमध्ये कार्डिफला २००३ साली पोलिस, आरोग्य, गृहनिर्माण आणि स्त्री-संस्था यांनी एका टेबलाभोवती बसून सर्वांत धोक्यातल्या स्त्रियांची प्रकरणं एकेक करून पाहायला सुरुवात केली. ती पद्धत नंतर देशभर गेली. ठरावीक प्रश्नावलीत १४ किंवा जास्त 'हो' आले की प्रकरण सहसा त्या टेबलावर जातं, आणि तज्ज्ञाला वाटलं तर कमी गुणांवरही जातं. स्पेनने २००४ मध्ये सर्वंकष कायदा केला आणि २००७ पासून पोलिसांसाठी जोखीम मोजणारी संगणकीय प्रणाली चालवली. तिच्यात पातळी ठरते आणि पातळीप्रमाणे पोलिसांनी काय करायचं तेही ठरतं. आपल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नमुना १ मध्ये, म्हणजे डीआयआर अर्थात कौटुंबिक घटना अहवालात, हिंसेच्या प्रकारांचे रकाने आहेत. पण 'हिचा जीव किती धोक्यात आहे' याचं उत्तर देणारी पातळी नाही. ती सुधारणा होईपर्यंत कार्यकर्तीने स्वतःच अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात गळा दाबणं, हत्यार, ठार मारण्याची किंवा आत्महत्येची धमकी, संशयी पाळत, गरोदरपणातली मारहाण, नुकतंच सुटलेलं काम आणि वेगळं होण्याचा विचार यांचा उल्लेख तारखांसह करावा. न्यायाधीशांची नजर तिथेच आधी पडते. शेवटच्या मुद्द्याची विशेष काळजी घ्यावी, कारण स्त्री घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. "सोडून दे की त्याला" हा सल्ला योजनेशिवाय कधीच देऊ नये.

तिसरी घटना आणि १८१

जानेवारीच्या थंडीत रात्री साडेअकराला नवऱ्याने स्वयंपाकघरातली सुरी दाखवून तिला आणि मुलीला बाहेर काढलं, दाराला आतून कडी लावली. काकूंनी घरात घेतलं. सकाळी शाळेत मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपली. बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पांनी मम्मीला मारायला सुरी घेतली." बाईंनी आईला बोलावून शाळेच्याच फोनवरून १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक लावून दिला.

सगळ्या प्रकरणात नियमाबाहेर जाऊन वागलेली ही एकच व्यक्ती, आणि तिचं वागणं नियमात असायला हवं. मुलीकडे कुणी पाहिलं म्हणून आईपर्यंत मदत पोचली. अशा घरातलं मूल हिंसेचं साक्षीदार असतं, आणि मोठं झाल्यावर ती करणं किंवा सोसणं, दोन्हीची शक्यता त्याच्या बाबतीत वाढते. जागतिक आरोग्य संघटना आणि यूएन वुमन यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या 'रिस्पेक्ट' या सात सूत्रांच्या चौकटीत मुलांवरच्या अत्याचाराला प्रतिबंध हे स्वतंत्र सूत्र आहे, ते याचसाठी. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक शाळेच्या फळ्यावर असतो. शिक्षकांना तो आईसाठीही दार उघडतो हे सांगितलेलं नसतं.

१८१ वरून ती सखी वन स्टॉप सेंटरला पोचली. ही केंद्रं २०१५ पासून देशभर सुरू झाली. आता ती केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेच्या 'संबल' भागात येतात. तिथे वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, समुपदेशन, वकील आणि पाच दिवसांपर्यंत निवारा एका छताखाली मिळतो. त्यापुढे राहायचं असेल तर शक्ती सदन. पुण्यात पोलिसांचा भरोसा सेलही आहे, आणि १९८४ पासून मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला, पुढे राज्य सरकारने स्वीकारलेला 'महिला व बालक विशेष कक्ष' हा महाराष्ट्राचा स्वतःचा नमुना आहे: प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ठाण्याच्याच आवारात बसते. बाहेरच्या देशांची उदाहरणं देताना आपण हे घरचं उदाहरण विसरतो, याचं वाईट वाटतं.

केंद्रातल्या समुपदेशकाने पहिल्या दिवशी डीआयआर भरण्याआधी नमुना ५ हातात घेतला. तो सुरक्षा योजनेचा नमुना आहे आणि बहुतेक वेळा कोराच राहतो. तिच्यासाठी योजना अशी झाली. आधार, मुलीचा जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र, लग्नाचे फोटो, पासबुक, औषधं आणि थोडी रोकड असलेली पिशवी काकूंकडे. कागदांचे फोटो भावाच्या फोनवर. बँकेत अर्ज देऊन जुनं एटीएम कार्ड बंद, नवं कार्ड माहेरच्या पत्त्यावर. फोनमधलं लोकेशन शेअरिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेली इतर उपकरणं तपासून काढून टाकली, तेही नवीन जागी गेल्यावर, आधी नाही. नवऱ्याच्या लक्षात आलं असतं तर भडका उडाला असता. कंपनीच्या सुरक्षारक्षकाला आणि शाळेला नवऱ्याचा फोटो. मुलीला एकच सूचना: भांडण सुरू झालं की मध्ये पडायचं नाही, काकूंकडे जायचं.

अर्ज, आदेश आणि तो पोचवणं

सहाव्या दिवशी शिवाजीनगर न्यायालयात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज दाखल झाला (पुढची कलमं याच कायद्याची). वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. डीआयआर जोडलेला होता. तो नसला तरी अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे 'आधी डीआयआर आणा' म्हणून कुणाला परत पाठवू नये.

कलम १२ प्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत हवी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न हवा. इथे पहिली तारीख नवव्या दिवसाची मिळाली. म्हणूनच मूळ अर्जाबरोबर कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र देणं निर्णायक ठरलं. गळा दाबल्याचं आणि सुरीचं वर्णन पाहून न्यायालयाने नवऱ्याला न ऐकता एकतर्फी आदेश दिला.

आदेशात काय मागायचं याला फार महत्त्व आहे. 'हिंसा करू नये' एवढंच मागितलं तर मोडल्याचं सिद्ध करणं अवघड जातं. इथे कलम १८ खाली ठिकाणांची नावं घातली: कंपनीचं गेट, मुलीची शाळा, माहेरचं घर, फोन, संदेश, नातेवाइकांमार्फत निरोप, सगळ्याला बंदी. कलम १९ खाली धायरीच्या घरातून तिला बाहेर न काढण्याचा आदेश, आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने अंमलबजावणीत मदत करावी असा निर्देश. नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेशही मागता येतो, पण तो घरातल्या स्त्रीविरुद्ध, म्हणजे सासूविरुद्ध, देता येत नाही. सासऱ्यांच्या नावावरचं घर 'सामायिक निवास', म्हणजे जिथे राहण्याचा तिला हक्क आहे असं घर, ठरू शकतं, हे २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालाने पक्कं केलं आहे. कलम २१ खाली मुलीचा तात्पुरता ताबा. कलम २० खाली अंतरिम खर्च, तिला ४,००० आणि मुलीला ४,०००.

पोटगीत नेहमी अडतं ते उत्पन्नापाशी. नोकरदाराची पगारपावती मिळते, टेम्पोवाल्याची नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, पण 'महिना आठ हजार मिळतात' असं लिहून मोकळं होता येतं. तिच्या वकिलाने गाडीच्या कर्जाचा हप्ता, फास्टॅगचं विवरण आणि यूपीआयच्या जमा रकमा मागवण्याचा अर्ज केला. हप्ताच महिना १४,००० चा निघाला.

मग नोटीस. कायदा म्हणतो संरक्षण अधिकाऱ्याने दोन दिवसांत बजावावी. बजावायला एकोणीस दिवस लागले. नवरा 'गाडीवर गेलाय', सासरे सही करेनात, आणि अधिकाऱ्याकडे आणखी एका पदाचा अतिरिक्त कार्यभार. अर्जात एकच पत्ता दिला की असं होतं. टेम्पोचा नेहमीचा स्टँड, माल भरायची जागा असे दोन-तीन पत्ते आणि वाहन क्रमांक द्यावा. माणूस सापडत नसेल तर दर्शनी भागावर चिकटवून बजावणी करण्याची तरतूद नियमांत आहे, तिची परवानगी पहिल्याच गैरहजेरीत मागावी. ब्राझीलच्या २००६ च्या मारिया दा पेन्हा कायद्यात न्यायाधीशाला संरक्षणाच्या विनंतीवर ४८ तासांत निर्णय द्यावा लागतो आणि २०१९ पासून जिथे न्यायालयाचं ठिकाण नाही अशा गावांत ठरावीक परिस्थितीत पोलिसही मारणाऱ्याला तत्काळ घराबाहेर काढू शकतात. आपल्या कायद्यातली मुदत त्याहून फार ढिली नाही. ती पाळली गेली की नाही हे मोजलं जात नाही, एवढाच फरक आहे.

आदेशाची प्रत कलम २४ नुसार फुकट मिळते आणि ठाण्यालाही जाते. ती ठाण्यात पोचल्याची पोच तिने स्वतःकडे ठेवली, आणि तेच कामी आलं. नोटीस मिळाल्यावर सहा दिवसांनी नवरा कंपनीच्या गेटवर उभा राहिला. या वेळी तिने ११२ ला फोन करून "संरक्षण आदेश मोडला आहे, कलम ३१" असं सांगितलं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे तिच्या एकटीच्या साक्षीवरही न्यायालय दोष ठरवू शकतं. अंमलदाराने सुरुवातीला एनसीचं पुस्तक उघडलं. पोच पाहिल्यावर गुन्हा दाखल झाला आणि त्याला अटक झाली. त्यानंतर तो गेटवर आलेला नाही.

सासऱ्यांनी मग ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे सुनेला घराबाहेर काढण्याचा अर्ज केला. हा डाव आता नेहमीचा झाला आहे. २०२० च्या एस. वनिता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या झटपट प्रक्रियेने स्त्रीचा सामायिक निवासाचा हक्क डावलता येत नाही. तो निकाल आणि कलम १९ चा आदेश पहिल्याच तारखेला हजर राहून दाखल करावा. गैरहजर राहिलं तर एकतर्फी आदेश होतो आणि मग उच्च न्यायालयात जावं लागतं.

नवऱ्याचं काय

तो पितो. बैठकीत सगळ्यांचं एकमत होतं, "दारू सुटली की सगळं नीट होईल." दारूने मारहाणीची तीव्रता वाढते, म्हणून उपचार हवेतच, आणि पुण्यात मुक्तांगणसारखी १९८६ पासून चालणारी जागा आहे. पण पगार काढून घेणं, फोन तपासणं, कामावर पाळत ठेवणं हे तो शुद्धीत करत होता. उपचार संरक्षण आदेशाच्या बरोबरीने चालावेत, आदेशाच्या जागी नाही. 'आधी महिनाभर उपचार, मग अर्ज' हा सल्ला तिला दोनदा मिळाला होता. कलम १४ खाली न्यायालय समुपदेशन सांगू शकतं. तेही आदेश झाल्यानंतर आणि दोघांना एका खोलीत समोरासमोर न बसवता. गळा दाबलेल्या प्रकरणात संयुक्त बैठक घेऊच नये, कारण तिथे ती जे बोलते त्याची किंमत घरी मोजावी लागते.

तो १४-१५ वर्षांचा असताना काही करता आलं असतं का? आलं असतं, आणि याचा पुरावा आहे. युगांडात कंपालामधल्या वस्त्यांमध्ये 'सासा' या उपक्रमाने शेजाऱ्यापाजाऱ्यांमार्फत, महिनोन् महिने, नात्यातल्या सत्तेवर बोलणं चालू ठेवलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा तुलनेच्या वस्त्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास दिसली. रुवांडात जोडप्यांबरोबर काही महिने चाललेल्या सत्रांनीही हिंसा घटली. पुण्यातच इक्वल कम्युनिटी फाउंडेशन वस्त्यांतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलग्यांबरोबर असं काम करते. यशस्वी ठरलेल्या उपक्रमांत एक गोष्ट समान आहे: ते लांब चालतात आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जातात. आठ मार्चची रॅली, एक पथनाट्य, एक शपथ याने वागणूक बदलल्याचा पुरावा नाही. तरी बहुतेक अहवालांत रॅलीची उपस्थिती मोजलेली असते.

जिल्ह्याने मोजायचंच असेल तर या प्रकरणातली अंतरं मोजावीत. पहिल्या एनसीपासून नमुना ४ हातात पडेपर्यंत किती दिवस, डीआयआरपासून अर्जापर्यंत किती, अर्जापासून पहिल्या तारखेपर्यंत, आदेशापासून बजावणीपर्यंत, आदेश मोडल्यापासून गुन्हा दाखल होईपर्यंत. धायरीच्या घरात पहिलं अंतर पाच महिन्यांचं होतं, बाकीची सगळी मिळून सात आठवड्यांच्या आत होती. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच आहे. हे पाच आकडे दर महिन्याला ठाणेनिहाय मागवायला नवीन कायदा लागत नाही.

सध्याची स्थिती

ती नऱ्ह्यात कामाच्या जवळ एका खोलीत भाड्याने राहते; निवासाचा आदेश कायम आहे, पण सासऱ्यांबरोबर एकाच छताखाली राहणं तिने नाकारलं. वकिलाने कलम १९ खालीच पर्यायी निवासासाठी भाडं मागण्याची दुरुस्ती दिली आहे. मूळ अर्जाला ६० दिवस होऊन गेले, उलटतपासणी बाकी आहे. अंतरिम खर्चाचे तीन महिने थकलेत, वसुलीचा अर्ज दाखल आहे. त्यात गाडीचा क्रमांक आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा पत्ता दिला आहे, म्हणजे जप्तीची वेळ आली तर शोधाशोध नको. मुलीची शाळा बदलायची आहे आणि जुनी शाळा दाखल्यावर वडिलांची सही मागते. त्यासाठी कलम २१ च्या आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांना अर्जासोबत द्यायची, पोच घ्यायची, आणि आठ दिवसांत दाखला मिळाला नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जायचं.